आई-बाबा, पाइनचे शेंडे उडवू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, तो झाडं कापणारा माणूस घराजवळचे दोन्ही पाइन ‘अर्ध्या उंचीवर आणून देतो’ म्हणतोय ना, त्याला इतक्यात होकार देऊ नका. फोनवर वाद होतो, म्हणून लिहूनच कळवते.

पाइन कुठूनही कापलं तरी फुटतं असं नाही. सुया, म्हणजे त्याची पानं, नसलेल्या जुन्या लाकडावर नवे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जवळजवळ नसतातच. हिरव्या भागाच्या मागे फांदी कापली, की उरलेला खुंट वाळतो तो कायमचा. आणि शेंडा उडवला तर शेजारच्या दोन-तीन फांद्या वर वळून त्याची जागा घ्यायला बघतात. त्यांचा जोड कच्चा असतो, त्यात वरच्या उघड्या कापातून बुरशी खोडात उतरते. काही वर्षांनी वादळात मोडतं ते नेमकं तिथेच. आईला ज्याची भीती वाटते, ते आपणच ओढवून घ्यायचं!

वसंतात टोकांना उभे कोंब येतात, ते सुया उलगडायच्या आत अर्धे खुडले तर वाढ मंदावते, पण असलेली उंची कमी होत नाही. ते लहान झाडापुरतंच ठीक. या झाडांवर चढणार कोण? (बाबा, तुम्ही नाही. शिडी आत ठेवा.)

वाळलेल्या फांद्या कधीही काढा. छताला घासणाऱ्या खालच्या फांद्याही काढता येतील, पण एका वेळी हिरव्या पसाऱ्याच्या चौथाईहून जास्त नको, आणि हिवाळा संपता संपता. उन्हाळ्यात ताज्या राळेच्या वासावर साल पोखरणारे भुंगे येतात. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेलं, फुगीर कडं दिसेल. करवत त्याच्या बाहेरून चालवायची, जखम तेच कडं बुजवतं. जड फांदीला आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून चीर द्यायची, मग थोडं पुढे वरून कापायचं, आणि उरलेला खुंट शेवटी कड्यापाशी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. कापाला रंग, डांबर काही लावू नका.

आई, आतल्या सुया पिवळ्या पडून गळतात तो रोग नाही, जुन्या झाल्या की त्या गळतातच. बुंध्याशी अळंबी, एका बाजूला वर आलेली माती किंवा नव्याने आलेला कल दिसला, तर मात्र लगेच कळव.

माझं मत विचाराल तर भिंतीला खेटलेलं झाड मुळापासून काढावं. थोटं करून ठेवण्यात अर्थ नाही. तिथे खुज्या जातीचं काहीतरी लावू. लांबच्या झाडाला हात लावू नये. नवा माणूस बोलवाल तेव्हा ‘शेंडा कापशील का?’ एवढंच विचारा. लगेच हो म्हणाला, किंवा राखायच्या झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढायला निघाला, तर गोड बोलून वाटेला लावा.

बुंध्याचे चारही बाजूंनी फोटो पाठवा, आणि बाबा, भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून कळवा, अंदाजे नको.

तुमची लेक