दुष्ट शास्त्रज्ञामागे उभे असलेले लोक

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला विज्ञानकथांमधील खलनायकांवरचा लेख मन लावून वाचला. मानवी क्लोन, म्हणजे माणसाच्या हुबेहूब जनुकीय प्रती, तयार करून त्यांना वापरणारा शास्त्रज्ञ म्हणजे सत्तेच्या हव्यासाने वेडा झालेला एकांडा माणूस, असे त्या लेखात म्हटले आहे. मी बरीच वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि या कथाही तितक्याच आवडीने वाचत आले. म्हणूनच हे वर्णन मला अपुरे वाटते आणि त्या अपुरेपणामुळे या कथांमधला सर्वांत गंभीर भाग नजरेआड होतो.

लेखात ज्याचा ओझरता उल्लेख आहे, तो २००५ सालचा 'द आयलंड' हा चित्रपटच घ्यावा. त्यातले डॉ. मेरिक एक कंपनी चालवतात. श्रीमंत लोक पैसे भरून स्वतःचा क्लोन तयार करवून घेतात, म्हणजे पुढे मूत्रपिंड किंवा हृदय लागले तर ते तयार मिळावे. बाहेरची हवा विषारी झाली आहे, असे सांगून या क्लोनना बंदिस्त जागेत ठेवले जाते आणि 'बेटावर जाण्याची' सोडत ज्याला लागते, त्याची रवानगी थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. गिऱ्हाइकांना मात्र सांगितलेले असते की, ही शरीरे जाणीवहीन अवस्थेत ठेवलेली आहेत. चित्रपटातला एक प्रसंग मी विसरू शकलेले नाही. एक क्लोन स्त्री बाळंत होते, लगेच इंजेक्शन देऊन तिला मारले जाते आणि ते बाळ हुबेहूब तिच्यासारख्याच दिसणाऱ्या गिऱ्हाईक बाईच्या हाती दिले जाते. त्या बाईने कोणताही गुन्हा डोळ्यांनी पाहिलेला नाही; तिने फक्त पैसे भरले आणि काही विचारले नाही. शेवटी मेरिक मरतात, क्लोन मोकळ्या आकाशाखाली येतात आणि चित्रपट संपतो. ज्यांच्या पैशावर हे सारे उभे राहिले, त्या शेकडो गिऱ्हाइकांचे पुढे काय झाले, हा प्रश्न तसाच राहतो. चित्रपटाचा खरा उणेपणा मला इथे दिसतो.

खलनायक एकटा नसतो, हे प्रत्यक्ष इतिहासही सांगतो. आयरा लेव्हिन यांच्या १९७६ सालच्या 'द बॉइज फ्रॉम ब्राझील' या कादंबरीत हिटलरचे ९४ क्लोन जन्माला घालणारा खलनायक म्हणजे खुद्द नाझी डॉक्टर योसेफ मेंगेले आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा खरा मेंगेले ब्राझीलमध्येच लपून राहत होता आणि १९७९ मध्ये तिथल्या समुद्रात बुडून मेला. लेखकाने त्याला क्लोनच्या कथेत आणले, यामागे एक सरळ कारण दिसते. क्लोन म्हणजे जीवशास्त्राच्या भाषेत उशिरा जन्मलेले जुळे भावंड, आणि मेंगेलेने १९४३ पासून ऑशविट्झच्या छळछावणीत जुळ्या मुलांवरच प्रयोग केले होते. पण तो एकटा होता का? बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक ओटमार फॉन फेरशूअर हे त्याचे गुरू. छावणीतून रक्ताचे नमुने आणि मृतांचे डोळे याच नामांकित संस्थेत येत होते आणि त्या संशोधनाला जर्मनीच्या सरकारी संशोधन निधीतून पैसा मिळत होता. युद्धानंतर फेरशूअर यांना ६०० मार्कांचा दंड झाला आणि १९५१ मध्ये ते म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या संस्थेचा वारसा सांगणाऱ्या माक्स प्लांक सोसायटीने वाचलेल्या जुळ्यांची जाहीर माफी मागितली ती २००१ साली. सारा दोष एका राक्षसावर टाकल्यामुळे बाकीच्यांना केवढी सवलत मिळाली, हे या सालांवरूनच कळते.

'द आयलंड' प्रदर्शित झाला त्याच वर्षी दक्षिण कोरियात शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांचे प्रकरण उघडकीस आले. मानवी भ्रूणाचे क्लोनिंग करून मूलपेशी (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात अशा पेशी) मिळवल्याचा त्यांचा दावा खोटा निघाला आणि जानेवारी २००६ मध्ये त्या दाव्याचे त्यांचे दोन्ही निबंध मागे घेण्यात आले. जगाने या घटनेची नोंद मुख्यतः वैज्ञानिक फसवणूक म्हणून घेतली. मला मात्र अधिक लागली ती दुसरी बाब. या कामासाठी स्त्रियांकडून दोन हजारांहून अधिक बीजांडे घेण्यात आली होती. काहींना त्यांचे पैसे दिले होते आणि ह्वांग यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रियांचीही बीजांडे त्यांत होती. ज्यांच्या सहीवर आपली नोकरी आणि पदवी अवलंबून आहे, त्यांना नाही म्हणणे किती कठीण असते, हे नोकरी केलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ह्वांग तर त्या काळी राष्ट्रीय वीर होते आणि त्यांच्या कार्याच्या गौरवार्थ टपाल तिकीटही निघाले होते. त्यांना खलनायक म्हणायला त्या वेळी कोणीच तयार झाले नसते.

कथांमध्ये क्लोन काचेच्या पेटीत किंवा पिशवीत वाढतो, त्यामुळे बीजांडे देणारी किंवा गर्भ वाढवणारी बाई कथेत येतच नाही. क्लोनिंगने जन्मलेल्या डॉली मेंढीच्या वेळी २७७ प्रयत्नांतून २९ भ्रूण मिळाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले गेले आणि ५ जुलै १९९६ रोजी एकच कोकरू जन्मले. बाकीचे भ्रूण त्या मेंढ्यांच्या शरीरातच वाया गेले. हाच हिशेब माणसाच्या बाबतीत मांडला, तर क्लोन जन्मण्याच्या कितीतरी आधी शोषण सुरू झालेले असेल आणि ते गरजू स्त्रियांचे असेल. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूल जन्माला घालण्यासाठी मानवी क्लोनिंग करण्यास मनाई केली आहे, हे योग्यच आहे.

दिवाळी अंकांचे काम सुरू होण्याच्या सुमारास हे पत्र लिहिते आहे, ते मुद्दामच. आपल्याकडे विज्ञानकथा लिहिणारे अनेक जाणते लेखक आहेत आणि क्लोनवरची कथा त्यांतल्या कोणी ना कोणी लिहीलच. त्यांनी शास्त्रज्ञाला जरूर दुष्ट दाखवावे. पण बीजांडे देणारी ती कनिष्ठ संशोधक, परवानगीच्या कागदावर सही करणारी समिती आणि हप्ते भरणारे ते सभ्य, प्रेमळ कुटुंब, यांनाही कथेत नावे आणि चेहरे द्यावेत, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली