श्वसन-पुनर्वसनाच्या व्यायामवर्गासाठी इचलकरंजीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मागावर, सायझिंगमध्ये (सुताला खळ देण्याच्या कामात) किंवा वहिफणीच्या (ताण्याचे धागे ओवण्याच्या) कामावर उमेदीची वर्षे घालवलेल्या आपल्या गावातील अनेकांना क्षयरोग होऊन गेला आहे. सहा महिन्यांच्या गोळ्या त्यांनी नेमाने घेतल्या, थुंकीत जंतू आढळेनासे झाले आणि कागदोपत्री ते बरे झाले. तरीही घरचा जिना चढताना त्यांना मध्येच कठड्याला टेकून उभे राहावे लागते. क्षयाचे जंतू मेले तरी फुफ्फुसातील व्रण जात नाहीत, आणि कापसाच्या धुळीने आकसलेल्या श्वासनलिकांची त्यात भर पडते. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी वाटणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. क्षयरुग्णांच्या पोषक आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये उपचार चालू असेपर्यंतच मिळतात. त्यानंतरचा दम ज्याचा त्याने सोसायचा, अशी आजची स्थिती आहे.

अशा रुग्णांसाठी आमची परिसर आरोग्य समिती श्वसन-पुनर्वसनाचा व्यायामवर्ग सुरू करीत आहे. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, आणि झिजलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागत असल्यामुळे दम आणखी वाढतो. व्यायामाने फुफ्फुसातील व्रण भरून येतील, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. मात्र पाय बळकट झाले की तेच काम कमी श्वासात होते, आणि बाजारातून पिशवी घेऊन घरी येणे पुन्हा जमू लागते.

वर्ग आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे चालेल. पहिल्या दिवशी प्रत्येकाची सहा मिनिटांची चालण्याची चाचणी होईल: ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर रुग्णाने स्वतःच्या गतीने ये-जा करायची आणि सहा मिनिटांत किती अंतर कापले ते मोजायचे. आठ आठवड्यांनी त्यात सुमारे ३० मीटरची वाढ झाली, तरी ती रोजच्या जगण्यात जाणवण्याइतकी मानली जाते. एरवी चालणे, खुर्चीतून उठणे-बसणे, हातांनी हलकी वजने उचलणे आणि गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून सावकाश श्वास सोडणे, एवढेच व्यायाम असतील. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर प्राणवायूचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या खाली गेले, तर व्यायाम तिथेच थांबवला जाईल.

प्रवेशासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक आहे. ज्यांचा क्षय अद्याप संसर्गजन्य आहे, ज्यांच्या खोकल्यातून रक्त पडते किंवा ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांना सध्या घेता येणार नाही. कोविडनंतर दम राहिलेल्यांनीही अवश्य यावे. परंतु थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागत असेल, तर तसे आधी सांगावे, कारण अशांना रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत नेणे अपायकारक ठरू शकते.

आता मागणीविषयी. सर्वांत मोठा आणि सतत लागणारा खर्च भौतिकोपचारतज्ज्ञांच्या (फिजिओथेरपिस्टच्या) मानधनाचा आहे, म्हणून रोख देणगी प्राधान्याने त्यासाठी हवी आहे. त्याखेरीज दोन ऑक्सिमीटर, रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र, अर्धा ते दोन किलोची वजने, रबरी पट्टे, सरळ पाठीच्या बारा भक्कम खुर्च्या आणि गरजेच्या वेळी वापरण्यासाठी एक ऑक्सिजन सिलिंडर लागेल. ट्रेडमिल मात्र कृपया कोणी देऊ नये. देणाऱ्याची भावना आम्ही जाणतो. परंतु आमच्या रुग्णांना यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर नव्हे, गल्लीत चालायचे आहे, आणि यंत्राची दुरुस्ती आम्हाला झेपणारी नाही. ३० मीटर लांबीची मोकळी, सपाट आणि धूळ नसलेली जागा सकाळी दोन तास कोणी दिली, तर ती देणगी आम्हाला यंत्राहून मोलाची वाटेल.

यंत्रमागधारकांना एक वेगळी विनंती आहे. मजुरी कापडाच्या मीटरवर ठरत असल्यामुळे वर्गाला येणाऱ्या कामगाराचे दोन तास म्हणजे त्याचा थेट तोटा असतो, आणि त्या तोट्यापायीच तो तिसऱ्या आठवड्यात येणे थांबवील, अशी आम्हाला भीती आहे. आपल्या कारखान्यातील अशा कामगाराला आठवड्यातून दोनदा उशिरा येण्याची मुभा द्यावी आणि जमल्यास त्या दोन तासांची मजुरीही द्यावी.

देणगी धनादेशाने समितीच्या नावे किंवा रोख स्वरूपात कार्यालयात स्वीकारली जाईल आणि प्रत्येक रकमेची पावती मिळेल. देणगीवर आयकरात सवलत मिळण्याची सोय समितीकडे नाही, हे आधीच सांगणे योग्य वाटते. पहिल्या तुकडीत बारा जणांना घेण्याचा विचार आहे. आठ आठवड्यांनंतर व्यायाम सुटला की मिळवलेली ताकद काही महिन्यांत ओसरते, म्हणून तुकडी संपल्यावरही त्यांना सकाळी सोबत चालायला नेणारे स्वयंसेवक हवे आहेत. त्यासाठी वैद्यकीय शिक्षणाची अट नाही. मात्र त्यांनी रुग्णाच्या पुढे न जाता त्याच्या चालीने चालावे.

आपली नम्र,
परिसर आरोग्य समिती, इचलकरंजी