बाबा, आधी झिरो एरर बघू या

स्टुटगार्ट,
रविवार दुपार

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सोनूसाठीच्या दोन्ही विद्यापीठांतलं जागतिक यादीत वरच्या नंबरचं कुठलं, तेवढं सांग," आणि मी "लिहून पाठवते" म्हणाले. सोनू बाजूलाच बसला होता, आई मधूनमधून बोलत होती, आणि मला जे सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, आणि वाचून झालं की सोनूलाही द्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. वरच्या नंबरचं इंग्लंडमधलं, पुष्कळच वरचं. जर्मनीतल्या फ्रायबेर्गचं नाव सापडायला यादीत बरंच खाली जावं लागतं. तरीही माझं मत फ्रायबेर्गला आहे.

मी अकरावीत असताना मे महिन्यात तुम्ही मला भोसरीला टूलरूममध्ये घेऊन गेला होतात, आठवतं? कूलंटचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. तुम्ही हातात व्हर्नियर दिलात, मी लगेच जॉब जबड्यात धरला आणि मोठ्या ऐटीत आकडा वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, "जॉब बाजूला ठेव. आधी जबडे मिट आणि झिरोवर झिरो येतो का बघ." येत नव्हता. दोन रेघांचा, म्हणजे ०.०४ मिलिमीटरचा फरक होता. मग तुम्ही विचारलंत, "आता सांग, मघाशी वाचलास तो आकडा जॉबचा होता की व्हर्नियरचा?"

या याद्यांपाशी मला दर वेळी तोच प्रश्न पडतो.

डेक्कनवरच्या त्या कन्सल्टन्सीवाल्यानं तुम्हाला जी लॅमिनेट केलेली यादी दाखवली, ती क्यूएस नावाच्या ब्रिटिश कंपनीची. ती कशी बनते ते त्यानं सांगितलं नसणार. १००पैकी ३० गुण जगभरातल्या प्राध्यापकांना "तुमच्या मते चांगली विद्यापीठं कुठली" असं विचारून मिळतात. आणखी १५ कंपन्यांना तसंच विचारून. म्हणजे जवळजवळ अर्धा आकडा ऐकीव नावावर उभा आहे. २० गुण प्राध्यापकांच्या शोधनिबंधांचा दुसऱ्यांनी किती उल्लेख केला यावर. परदेशी प्राध्यापक आणि परदेशी विद्यार्थी किती, यालाही प्रत्येकी पाच. शिकवण्याच्या जवळ जाणारी गोष्ट एकच, दर प्राध्यापकामागे विद्यार्थी किती. तिला पूर्वी २० गुण होते, २०२३मध्ये निघालेल्या यादीपासून ते १०वर आणले. वर्गात बसून कोण कसं शिकवतंय हे बघायला कुणी जात नाही, आणि हजारो विद्यापीठांत कुणाला जाताही येणार नाही.

शांघायची यादी २००३ची, या जागतिक याद्यांमधली पहिली. चिनी विद्यापीठं जगाच्या किती मागे आहेत ते तपासायला त्यांनी ती काढली. तिच्यात ३० गुण नोबेल आणि फील्ड्स पदकांचे आहेत. त्यांच्या कामापुरतं ते ठीकच. पण बाबा, आपल्या सोनूला ओतकाम शिकायचंय. कुणाला पूर्वी कधी नोबेल मिळालं, त्यानं सोनूच्या कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे वायूनं पडणारं भोक, कमी होणार नाही.

जर्मनीबाबत तर व्हर्नियरचा झिरोच हललेला आहे. इथलं फार मोठं संशोधन विद्यापीठांबाहेर, माक्स प्लांक आणि फ्राउनहोफर संस्थांमध्ये चालतं. प्रयोगशाळा त्याच गावात असते, विद्यार्थी तिथे जाऊन प्रबंधाचं काम करतात, पण त्या संशोधनाचं सगळं श्रेय विद्यापीठाच्या खात्यात जमा होत नाही. इथल्या लोकांची स्वतःची यादी आहे, सीएचई या जर्मन संस्थेची. ती विषयवार असते आणि तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा असे नंबरच नसतात. एका विषयाचे विभाग वरच्या, मधल्या आणि खालच्या गटात टाकतात, तेही एकेका मुद्द्यावर वेगवेगळे. मार्गदर्शनाला वरच्या गटात असलेला विभाग साधनांना मधल्या गटात असू शकतो. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते.

आणि याद्यांना आकडे देतात ती विद्यापीठं स्वतःच. २०२२मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्याच एका गणिताच्या प्राध्यापकानं, मायकेल थॅडियस यांनी, आपल्या विद्यापीठानं तिथल्या यू.एस. न्यूजच्या यादीसाठी दिलेले आकडे तपासले आणि ते जुळत नाहीत हे जाहीर लिहिलं. लहान वर्ग किती, हा त्यातला एक आकडा. विद्यापीठाला चूक मान्य करावी लागली आणि नंबर २वरून एकदम १८वर आला. त्या सहा महिन्यांत तिथले शिक्षक बदलले नव्हते, ग्रंथालय हललं नव्हतं. नंबर बघून २०२१ साली तिथे गेलेल्या मुलाचं शिक्षण २०२२मध्ये खराब झालं का?

आता माझं सांगते. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

मी इकडे यायला निघाले त्याच्या आधी कर्वे रोडच्या कार्यालयात लग्न होतं. काकांनी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "जगात कितवं आहे हिचं विद्यापीठ?" माझं कॉलेज म्हणजे साधं हॉखशूलं, प्रत्यक्ष कामावर भर देणारं कॉलेज, त्या यादीत नव्हतंच. तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "जर्मनीत आहे." बस्स. तुम्ही वाद घातला नाहीत आणि माझी बाजूही घेतली नाहीत, आणि मला पुढे वर्षभर रात्री झोपताना ते आठवायचं. राग नव्हता बाबा. तुम्हाला मान खाली घालायला लावली असं वाटायचं.

तर त्या यादीत नसलेल्या ठिकाणी काय होतं ते ऐका. या हॉखशूलंमध्ये प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. पुरत नाही, सहसा किमान पाच वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, आणि त्यातली तीन वर्षं तरी कॉलेजच्या बाहेरची. आमचे मटेरियलचे सर कारखान्यात आयुष्य घालवून आलेले. शोधनिबंध कमी, म्हणून यादीत गुण नाहीत. आमच्या प्रॅक्टिकलला आम्ही चौदा जण. पहिल्याच आठवड्यात टेन्साइल टेस्टिंग मशीनवर, म्हणजे धातू ताणून बघायच्या यंत्रावर, गोल सळईचा नमुना ओढून तोडला. मी घाईनं ग्राफवरचा आकडा लिहायला लागले, तर सरांनी वही मिटवली आणि तुटलेले दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. अजून गरम होते. म्हणाले, "आकडा संगणकाकडे आहे, तो कुठे जात नाही. हा कसा तुटला ते बघून सांग." मी भिंगातून बघत बसले. एका तुकड्याच्या टोकाला वाटीसारखा खळगा, दुसऱ्याला त्यात बसेल असा उंचवटा, आणि तुटण्याआधी कंबर बारीक झालेली. म्हणजे धातू ताणला गेला आणि मग तुटला. मग त्यांनी खिशातून दुसरा तुकडा काढला, बिडाचा. सपाट तुटलेला, साखरेच्या खड्यासारखा कणीदार. अजिबात न ताणता गेलेला. त्या एका तासात मला जे कळलं त्यावर मी आज पगार घेते आहे. कंपनीत पार्ट तुटून आला की पहिल्यांदा माझ्या टेबलावर येतो, आणि मी पहिल्यांदा भिंग उचलते.

तुम्ही टूलरूममध्ये जे करत होतात तेच हे. म्हणून म्हणते, तेव्हा ताटाकडे बघायचं कारण नव्हतं.

आता फ्रायबेर्ग. (फ्रायबुर्ग वेगळं, ते आमच्या बाजूला आहे. हे तिकडे ड्रेस्डेनजवळ. आईला नकाशात दाखवा.) चांदीच्या खाणींचं गाव. तिथलं खाणकाम आणि धातूंचं विद्यापीठ १७६५ सालचं. मेंडेलेयेव्हनं १८७१मध्ये ज्या मूलद्रव्याची जागा तक्त्यात रिकामी ठेवली होती, ते जर्मेनियम १८८६मध्ये तिथेच क्लेमेन्स विंकलर यांना सापडलं, जवळच्याच खाणीतल्या खनिजात. त्याआधी १८६३मध्ये इंडियमही तिथलंच. आजही विद्यापीठाची स्वतःची शिकवण्याची खाण आहे आणि ओतकामाची वेगळी संस्था आहे. एवढ्या एका विषयावर उभं राहिलेलं विद्यापीठ सगळ्या विषयांच्या बेरजेत वर येणार कसं? कुणी संस्कृतच्या कोशविद्येसाठी जपानहून पुण्यात आला तर तुम्ही त्याला जागतिक यादी दाखवाल का? येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजात १९४८पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे, तिकडेच पाठवाल.

इंग्लंडच्या कोर्सचा अभ्यासक्रम मी काल रात्री ओळन्‌ओळ वाचला. ओतकाम एका विषयातला अर्धा भाग. बाकी व्यवस्थापन, सप्लाय चेन, सादरीकरण. एका वर्षात संपतो, त्यात प्रबंधाला उन्हाळ्याचे तीन महिने. भोसरीच्या ओतशाळेत दीड वर्ष काढून, रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचे कापून काढलेले फोटो मला रात्री अकराला पाठवून "ताई, हा गॅसचा असेल की श्रिंकेजचा?" असं विचारणारा मुलगा आहे तो. त्याला त्या वर्षात काय मिळेल? नाव मिळेल.

नाव कामाला येत नाही असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर खोटं होईल. तुमचा गो-नो-गो गेज असतो ना, तसा काही ठिकाणी हा नंबर वापरतात. आत गेला तर पास, नाही तर बाद. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीला क्यूएसचा क्रमांक बघतात. तारण न घेता कर्ज द्यायचं तर बँका स्वतःची यादी काढून बसतात. नेदरलँड्स पहिल्या २०० विद्यापीठांतून पदवी घेतलेल्यांना नोकरी शोधायला वर्षभर राहू देतं. ब्रिटननंही २०२२पासून वरच्या विद्यापीठांसाठी तसा व्हिसा ठेवला आहे. सोनूला एमबीए करायचं असतं तर मी स्वतः म्हटलं असतं, नाव बघ, कारण तिथे ओळखीपाळखीच विकत घ्यायच्या असतात. आणि नंबर घसरला तर का घसरला हेही विचारावं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या २०२५च्या यादीत आपलं पुणे विद्यापीठ विद्यापीठांमध्ये २३वरून ५६वर गेलं, तेव्हा प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती.

खालचं सगळं चांगलं, असंही नाही. जर्मनीत भरमसाट फी घेणारी खासगी कॉलेजं आहेत, आपली मुलं तिथे अडकतात. सोनूला सांगा, कुठलंही नाव आलं की आधी ते सरकारमान्य आहे का ते तपासायचं. असेल तरच पुढे.

पैशाचं स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही ते फोनवर टाळता. इंग्लंडला फी आणि राहणं मिळून पन्नास लाखांच्या घरात जातंय, आणि त्यासाठी घर गहाण टाकायला तुम्ही तयार आहात. कोर्सनंतर दोन वर्षं राहता येतं, २०२७पासून ते दीड वर्ष होणार. एवढ्यात कर्ज फिटत नाही. इथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. आमच्या राज्यात परदेशी मुलांना सहामाहीला १५०० युरो आहे, म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानं तर त्याहून खूप जास्त लावली आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणचं ताजं वाचूनच ठरवायचं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते खर्चाचेच, महिन्याला ९९२ परत मिळतात. पहिल्या वर्षाचे निम्मे मी घालते. नाही म्हणू नका. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं. कन्सल्टन्सीवाल्यानं हे सांगितलं नाही, कारण ब्रिटनमधली पुष्कळ विद्यापीठं विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात आणि इथली सरकारी विद्यापीठं सहसा देत नाहीत. तो माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण तो आपल्या बाजूचा नाही.

एक अडचण मोठी आहे, भाषा. वर्गात इंग्रजी चालेलही, पण ओतशाळेतला फोरमन जर्मनच बोलतो. मॅक्स म्युलर भवनची पुढची बॅच सुरू होईल तेव्हा सोनूचं नाव त्यात असायला हवं. एपीएसचे, म्हणजे आपली प्रमाणपत्रं जर्मनीसाठी तपासून घेण्याचे, कागदही आताच टाकायचे, त्याला वेळ लागतो.

आणि तुमच्याकडे एक काम. सोनूनं दोन्हीकडच्या विभागांना एकेक पत्र लिहावं, स्वतःच्या शब्दांत. त्या रिजेक्ट कास्टिंगचे फोटो जोडावेत आणि विचारावं, यावर काम करायला तुमच्याकडे भट्टी आहे का, आणि विद्यार्थ्याला तिच्यापाशी उभं राहू देतात का. पत्र लिहून झालं की पाठवण्याआधी तुम्ही वाचा. तांत्रिक चूक तुमच्या नजरेतून सुटत नाही. उत्तरं आली की दोन्ही शेजारी ठेवून मला फोन करा, माझं मत तेव्हाही मागितलंत तर देईन. पण तुम्ही आणि तो मिळून ठरवा.

आईला नमस्कार. सोनूला आशीर्वाद.

तुमची,
ताई

ता. क. : निघताना तुम्ही दिलेला व्हर्नियर ऑफिसात ड्रॉवरमध्ये आहे. डिजिटल आहेत सगळे इथे, तरी मी तोच वापरते. काल झिरो बघितला, बरोबर आहे. आईला सांगा, मेतकूट संपलं.