बडोद्याची पेटी आणि आसावरीचा रिषभ

पुणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. गाण्याच्या महोत्सवात चर्चासत्रं कशाला घुसडतात, म्हणून चिडलायस. अरे, आपल्याकडच्या या मोठ्या संमेलनांची सुरुवातच मुळी वादविवादातून झाली! हल्ली मी संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या संगीत परिषदांबद्दल मिळेल ते वाचतोय, त्यामुळे तू आयताच तावडीत सापडलास.

पहिली परिषद बडोद्याला, मार्च १९१६ मध्ये. यजमान सयाजीराव महाराज, आणि सगळी धडपड भातखंड्यांची. वाळकेश्वरचा हा माणूस शिकलेला कायदा, पण वकिली बाजूला ठेवून गावोगाव बंदिशी गोळा करत हिंडला. मग दिल्ली १९१८, बनारस १९१९, आणि मध्ये बरीच वर्षं गेल्यावर लखनौला लागोपाठ दोन, १९२४ आणि १९२५. गाव बदलायचं, आश्रयदाते बदलायचे, वाद मात्र तेच: राग कुठला खरा, स्वर कुठे लागतो, आणि हे ठरवायचं कुणी?

बडोद्याचा एक प्रसंग तर मला नाटकातल्या प्रवेशासारखा वाटतो. सांगलीचे देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक बारीक स्वरांच्या, मागे लागलेले. त्यांच्या प्रयोगांना गळा लाभला होता थेट अब्दुल करीम खाँसाहेबांचा. जोडीला क्लेमेंट्स नावाचा आयसीएस साहेब. दोघांच्या गणितावरून खास श्रुतींची पेटी घडवलेली, ती परिषदेत मांडली. आणि समोर कोण? झाकिरुद्दीन खाँ आणि अल्लाबंदे खाँ, धृपदिये, म्हणजे धृपद ही जुनी गायकी गाणारे भाऊ, आज ज्यांना आपण डागर म्हणतो त्या घराण्यातले. त्यांनी गाऊन दाखवलं आणि पेटीचे स्वर काही त्यांच्या गळ्याशी जुळेनात. गणिताची तिथेच पंचाईत झाली. आलापात रागाप्रमाणे स्वर इकडचा तिकडे होतो, तो पट्टीत कसा बसवणार? मी तर खाँसाहेबांच्या बाजूचा. पण देवलांना हसायला जीभ रेटत नाही. पदरमोड करून असल्या गोष्टीमागे लागणारी माणसं आता कुठे आहेत?

गंमत म्हणजे पेटीवाल्यांविरुद्ध भातखंड्यांना उस्तादांचा गळा पुरावा म्हणून चालला, पण त्यांना स्वतःलाही सगळं चौकटीत बसवायचंच होतं. त्यांचे दहा थाट बघ, म्हणजे राग ज्यांत वाटून टाकले त्या स्वरांच्या दहा चौकटी. आसावरी थाटात गंधार, धैवत, निषाद (ग, ध, नि) कोमल आणि रिषभ (रे) शुद्ध. आता धृपदिये आसावरी राग गातात ती कोमल रिषभाची. मग ती आसावरी आपल्याच नावाच्या थाटात मावत नाही, स्वरांच्या हिशेबाने भैरवी थाटात जाते! अशा वेळी वकील साक्षी काढतो तसंच भातखंड्यांनी केलं. उस्तादांना समोरासमोर बसवायचं, गाऊन घ्यायचं आणि एकमत होतंय का ते बघायचं. उस्तादांनी एकमेकांदेखत घराण्याची ठेव उघडी करायची, हे किती अवघड गेलं असेल! सगळ्या रागांवर एकमत काही झालं नाही. माझ्या मते ते झालं नाही हे बरंच झालं.

लखनौहून मात्र हाताला काही लागलं. राय उमानाथ बलींच्या खटपटीने १९२६ मध्ये तिथे मॅरिस कॉलेज निघालं. नाव गव्हर्नरचं, अभ्यासक्रम भातखंड्यांचा. पुढे भातखंड्यांचे शिष्य, आपले रातंजनकर, यांनी ते सांभाळलं. माझ्याकडच्या भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकाची पानं पिवळी पडलीत, पण खुणा लख्ख आहेत: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी, तालाच्या पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, फुली, आणि टाळी नसलेल्या खालीला शून्य. गळ्याबाहेर पडायला तयार नसलेली चीज कुणाही पोराटोराच्या हाती येते, ते या चार खुणांमुळे. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचीही शाळा होतीच, लाहोरला १९०१ पासून, आणि त्यांची स्वर लिहायची लिपी निराळी. दोघांचं सूत काही जमलं नाही. त्यावर लिहायला बसलो तर पाकिटाला तिकिटं पुरायची नाहीत.

हां, एक काम. तुझे गुरुजी आसावरीत कोमल रिषभ लावतात असं तू मागे म्हणाला होतास. तो त्यांना कुणाकडून मिळाला आणि शुद्ध रिषभाच्या आसावरीला ते काय म्हणतात, एवढं विचारून कळव. शिव्या दिल्या तर त्याही जशाच्या तशा लिही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू