चित्रकलेचा जोडतास परत द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधीच्या पंधरा दिवसांत वेळापत्रकं ठरतात आणि चित्रकलेच्या तासांचं काय करायचं, हेही तेव्हाच ठरून जातं. म्हणून चित्रकलेचा जोडतास, म्हणजे सलग दोन तासिका, परत मिळावा यासाठी हे पत्र आत्ताच लिहिते आहे. नागपुरात गेली २३ वर्षं मी सहावी ते आठवीच्या मुलांना चित्रकला शिकवते.

अलीकडे एक वाक्य वारंवार कानावर येतं. "मॅडम, आता सगळं डिजिटल झालं, हा रंगांचा पसारा कशाला?" असं पालक म्हणतात, संस्थाचालकही म्हणतात. मी आधी ज्या शाळेत होते तिथली चित्रकलेची खोली याच विचारापायी गेली. तिथे मोठा स्क्रीन लागला, भिंतींना नवा रंग दिला आणि कोपऱ्यातलं बेसिन काढून टाकलं. त्यानंतर मुलं ब्रश धुवायला व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर जायची. ३५ मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं त्या येण्याजाण्यातच संपायची. आधी जलरंग बंद झाले, मग पोस्टर कलर, शेवटी हातात स्केचपेन उरले. रंग वापरू नका असं कुणीच म्हटलं नव्हतं. नुसता नळ काढला होता.

संगणकाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. माझ्या वर्गात तो आहे आणि मला तो हवा आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हात आधी, स्क्रीन नंतर, हा क्रम मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

वस्तुचित्राचंच पाहा. टेबलावर माठ ठेवला की सातवीतली निम्मी मुलं त्याचं तोंड लंबगोल काढतात आणि बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखं सरळ. माठ टेबलावर सपाट बसलाय हे त्यांना ठाऊक असतं, तेच ती काढतात. समोर काय दिसतंय ते पाहायचं राहूनच जातं. मागच्या वर्षी एका मुलाने हे चित्र संगणकावर केलं. लंबगोलाचं टूल वापरल्यामुळे तोंड अगदी नेटकं आलं होतं, बूड सरळच. मी माठ उचलला आणि हळूहळू त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणला. तोंड अरुंद होत होत त्याची एक रेघ झाली. "मॅडम, मिटलं नं तोंड!" तो ओरडलाच. मग माठ खाली फरशीवर ठेवला. तोंड पुन्हा उघडलं, आधीपेक्षा जास्त गोल दिसायला लागलं. वर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं दिसतं. म्हणजे माठाच्या बुडाची कड सरळ तर नसतेच, त्या उंचीवर तोंडाचा लंबगोल जितका उघडा दिसतो त्याहून बुडाचा जास्त उघडा असतो. मी काही न सांगता तो संगणकाकडे गेला आणि त्याने बूड खोडून पुन्हा काढलं. टूल तेच होतं. बदललं होतं ते त्याचं पाहणं, आणि त्यासाठी खराखुरा माठ लागला.

आता उलट बाजू. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीकामात, संगणक जे देतो ते कागदाला जमत नाही. आमच्याकडे मुली पंधरा बाय पंधरा ठिपक्यांची रांगोळी सहज काढतात. चौकटीच्या वहीत एकेक चौकट रंगवून आम्ही आधी तशी नक्षी हाताने करतो. मग तीच नक्षी संगणकावर, एकेक पिक्सेल भरत. स्क्रीनवरचं प्रत्येक चित्र म्हणजे बारीक चौकटींची अशीच मांडणी असते, हे मुलांना एकदा कळलं की यंत्राचा बाऊ राहत नाही. त्यानंतर रंगसंगती. कागदावर चार रंगसंगती करून पाहायच्या तर चार ड्रॉइंग शीट आणि चार आठवडे. संगणकावर एका तासात दहा होतात. उष्ण रंग, शीत रंग, एकाच रंगाच्या छटा, असं शेजारी शेजारी ठेवून मुलं भांडतात, कुठली चांगली यावरून. एरवी तोंड न उघडणारी मुलंही त्या भांडणात उतरतात. ठरलेली एक संगती मग पोस्टर कलरमध्ये कागदावर उतरते. क्रिता किंवा टक्स पेंट ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, तेव्हा पैशांची अडचण पुढे करण्याचं कारण नाही.

रंगांवरून आठवलं. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर खोटं बोलून राहिला का? लाल आणि हिरवा पूर्ण केला तं पिवळा येते, माह्या प्लेटमध्ये तं मातीसारखा होते." प्रश्नाने मी इतकी खूश झाले की त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला. आकाशकंदिलाचा उरलेला लाल आणि हिरवा जिलेटीन कागद आणला, दोन मोबाइलच्या टॉर्चवर लावला आणि खिडक्या बंद केल्या. भिंतीवर दोन्ही उजेड एकमेकांवर आले तिथे फिकट का होईना, पिवळा दिसला. स्क्रीन उजेड देतो, त्यात उजेडाची भर पडते. रंगाचा थर उजेड शोषतो, म्हणून त्यात मिसळावं तसतसा काळोख वाढतो. ब्रश आणि स्क्रीन दोन्ही हाताळले होते म्हणूनच तिला तो प्रश्न पडला.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मागच्या पावसाळ्यात आठवीला घरी करायला 'आमच्या गल्लीतला पाऊस' हा विषय दिला होता. सहा-सात मुलांनी रंगीत प्रिंट आणून दिले. मोबाइलला विषय सांगितला, त्याने चित्र करून दिलं, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. चित्रं देखणी होती. त्यांत नारळाची झाडं होती, उतरत्या कौलांची घरं होती, एकात तर पाण्यात होडी होती. मुलं राहतात नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांमध्ये. मी रागावले नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा त्यांना खिडकीशी उभं केलं, हातात २बी पेन्सिल दिली आणि दहा मिनिटं नुसतं दिसेल ते काढायला सांगितलं. एकाने विजेच्या खांबावरच्या तारांचा गुंता काढला, त्यावरून टपकणाऱ्या थेंबांसकट. दुसऱ्याने प्लॅस्टिक पांघरलेला चहाचा ठेला काढला. रेघा वाकड्या होत्या, पण गल्ली त्यांचीच होती. यापुढे माझ्या वर्गात घरून आलेलं तयार चित्र धरलं जाणार नाही. कच्ची रेखाटनं आधी दाखवावी लागतील.

हात आणि यंत्र एकत्र कसे नांदतात ते तान्ह्या पोळ्याला पाहिलं. लाकडी नंदी घरोघरी सजतात, त्या सुमारास आम्ही शाडूच्या मातीचे बैल केले. पावसाळी हवेत माती लवकर वाळत नाही, शिंगं सारखी लोंबायला लागली. एका मुलीने झाडूच्या काड्या मोडून शिंगांच्या आत घातल्या, तेव्हा ती उभी राहिली. मग ते बैल थोडे थोडे सरकवून मोबाइलवर फोटो काढले. एका सेकंदासाठी १२ फोटो, दहा सेकंदांच्या फिल्मसाठी १२०. बैल एकदम पुढे उडी मारतो असं दिसलं की मुलांना कळायचं, मधले फोटो कमी पडले. चितार ओळीत मूर्तिकारांचं काम पाहायला जातो तेव्हाही माझा नियम एकच असतो. आधी दहा मिनिटं रेखाटन, मगच फोटो. रेखाटनात एखाद्याला फक्त सुतळी बांधणारा हात दिसतो, एखाद्याला कामट्यांचा सांगाडा. प्रमाण कुठे चुकलं ते नंतर फोटोवरून ताडून पाहता येतं.

यासाठी वेळ लागतो. ३५ मिनिटांत शाडू भिजवून, काम करून, हात धुऊन, बाकं पुसून होत नाहीत. पूर्वी आठवड्यात सलग दोन तासिका असायच्या, आम्ही त्याला जोडतास म्हणायचो. तो आधी तुटला, मग त्यातला एक तास गणिताकडे गेला. चित्रकलेची आठवण घरच्यांना येते ती थेट इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या वेळी, कारण त्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३. सहावी ते आठवीत ज्याला पाहायची सवय लागली नाही त्याला नववीत दोन महिन्यांच्या क्लासने ती कशी लागणार?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, असावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. निदेशक नेमणं शाळेच्या एकटीच्या हातात नसतं, हे मला ठाऊक आहे. पण वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हातात असतं.

माझी मागणी छोटी आहे. सहावी ते आठवीला आठवड्यातून एक जोडतास, वर्गात किंवा वर्गाला लागून एक नळ, आणि महिन्यातून एकदा संगणक कक्ष चित्रकलेसाठी. पालकांनी शिक्षक-पालक संघाच्या पहिल्याच सभेत विचारावं, आमच्या मुलांचा चित्रकलेचा तास कोणत्या वारी आहे आणि तो मागच्या वर्षी किती वेळा दुसऱ्या विषयाला दिला गेला?

आपली नम्र,
एक कलाशिक्षिका
महाल, नागपूर