पाटाच्या वाटेसाठी मुरूम हवा आहे, माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार,

मखमलाबादहून म्हसरूळच्या बाजूला गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याच्या कडेने जी कच्ची वाट जाते, तिला आपण सगळे पाटाची वाट म्हणतो. मळ्यांतली मुलं या वाटेने सायकलवर शाळा गाठतात. दूध घालणारे, द्राक्षबागेत छाटणीला जाणारे मजूर, पहाटे व्यायामाला शहरातून येणारे सायकलवाले, सगळ्यांची ही वाट. मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून आठवीतलं लेकरू सायकलवर पाठवायला कोणत्या आईचा जीव धजेल? म्हणून ही वाट आपल्याला हवी आहे. आणि आज तिच्यावरून सायकल नीट चालत नाही.

पावसाळ्यात आमच्याच वस्तीतली एक मुलगी शाळेतून येताना इथे पडली. ट्रॅक्टरच्या चाकोरीत तिचं पुढचं चाक अडकलं. हँडल वळेना, सायकल आडवी झाली आणि मनगट मोडलं. चाकोरीतून चारचाकी आरामात जाते, मोटारसायकलही कशीबशी निघते, पण सायकलचं अरुंद चाक एकदा आत गेलं की बाहेर काढताना तोल जातो. त्या दिवसानंतर तीन घरांनी मुलींना सायकल देणं बंद केलं. आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

वाट बिघडते कशी, ते आम्ही या वर्षी रोज चालून पाहिलं. खाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे वर टाकलेलं काहीही जागेवर राहत नाही. पावसात हीच माती मडगार्डमध्ये भरते आणि चाक जाम होतं. मग मुलं सायकल खांद्यावर घेऊन चालतात. त्यात पाइपलाइनसाठी आडव्या खोदलेल्या चाऱ्या. वरवर बुजवलेली चारी पहिल्या पावसात खाली बसते आणि बरोबर चाकाच्या मापाचा खड्डा तयार होतो. शिवाय वाटेला उतारच उरलेला नाही. मधला भाग खोलगट झाल्यामुळे पाणी निघून न जाता तिथेच मुरतं.

मागे कुणीतरी चांगल्या मनाने खड्ड्यांत घरबांधणीचा राडारोडा आणून टाकला. त्यातल्या फरशीच्या कपच्या आणि खिळे आम्ही अजून वेचतो आहोत. सुटी खडी टाकली तर तीही घातकच, कारण वळणावर चाक तिच्यावरून घसरतं. म्हणून कळकळीची विनंती आहे, राडारोडा आणि खडी कृपया पाठवू नका.

डांबर का नको, असं पुष्कळ जण विचारतात. हलणाऱ्या काळ्या मातीवर नुसता डांबराचा पातळ थर दिला तर तो एक-दोन पावसाळ्यांत तडकतो. आणि गुळगुळीत डांबर झालं की भरधाव मोटारसायकली या वाटेवर येणार, मग मुलांसाठी ती उरेल का? आम्हाला वाट लांबवायची नाही, सजवायचीही नाही. आहे तीच धड करायची आहे.

पूर्ण वाट एका वर्षात होणार नाही. सगळ्यात वाईट ४०० मीटरचा तुकडा आधी घेतला आहे. तिथे दीड मीटर रुंदीत, दबाई झाल्यावर १० सेंटिमीटर राहील इतका कठीण मुरूम दोन थरांत घालायचा. म्हणजे दाबलेला ६० घनमीटर, सुटा साधारण ७५ घनमीटर, आपल्या भाषेत २६-२७ ब्रास. पाटाच्या बाजूकडून शेताच्या बाजूला दीड मीटरमागे ६ सेंटिमीटर उतार ठेवायचा. मुरूम ओला करून मगच दाबायचा. मुठीत आवळला की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. कोरड्या मुरमावर रोलर फिरवला तर दोन महिन्यांत धूळ होते, हा अनुभव आपल्या गावाने घेतलेला आहे. कालव्याच्या भरावावर जड रोलर चालणार नाही, लहान रोलरच लागेल. जागा सरकारी आहे, त्यामुळे लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक घमेलंही टाकणार नाही आणि भराव कुठेही खणणार नाही.

आमचं मागणं असं. ज्यांना शक्य असेल त्यांनी एक ब्रास मुरमाचा खर्च उचलावा. एका घराला जड वाटला तर दोन-तीन घरांनी मिळून उचला. ज्यांची खाणीत ओळख आहे त्यांनी दरात सवलत मिळवून द्यावी. मात्र सरकारला रॉयल्टी भरल्याची पावती असलेलाच मुरूम घेऊ, बिनपावतीचा फुकट मिळाला तरी नको. ट्रॅक्टरवाल्या शेतकरी बांधवांनी ट्रॉलीच्या दोन-दोन खेपा द्याव्यात आणि पाण्याचा टँकर असेल तर तो एक दिवस द्यावा. रस्त्याच्या कामावर आयुष्य घालवलेले निवृत्त ओव्हरसियर आपल्यात आहेत, त्यांनी दबाईच्या वेळी फक्त समोर उभं राहावं. त्यांची नजर आम्हाला पैशांपेक्षा जास्त हवी आहे.

पाइपलाइन टाकणाऱ्यांना वेगळं सांगणं आहे. चारी खोदायची असेल तर आधी सांगा. थराथराने ठोकून बुजवायला आमची मुलं येतील, तुमच्याकडून एक पैसाही घेणार नाही.

नाशिकला सायकलीचं वेड नवीन नाही. २०१५ साली डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा सगळ्या शहराची छाती फुगली होती. आषाढीच्या आधी नाशिकचे सायकलस्वार पंढरपूरची वारी करतात. त्याच नाशिकमध्ये मळ्यातल्या पोरीला शाळेपर्यंतच्या वाटेवर सायकलवरून उतरून चालावं लागतं, हे आम्हाला सहन होत नाही.

काम दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरू करायचं ठरवलं आहे. पाऊस संपलेला असतो आणि मातीत ओल शिल्लक असते, त्यामुळे दबाई चांगली बसते. त्यानंतर दर रविवारी सकाळी ७ ते १० श्रमदान. मुरमाची प्रत्येक खेप, तिची पावती आणि आलेला प्रत्येक रुपया मारुती मंदिराच्या फळ्यावर लिहिला जाईल. देणगी मंदिरात बसणाऱ्या आमच्या खजिनदारांकडे द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

येताना फावडं, घमेलं किंवा माती ठोकायची धुमस, घरात असेल ते आणा. पायात बूट हवेत, कारण वाटेत सराटे फार आहेत. चहा-नाश्त्याचं वस्तीतल्या महिला मंडळाने अंगावर घेतलं आहे. पाटाच्या पुलाजवळ भेटू.

आपले,
पाटाकडच्या वस्त्यांची सायकल वाट समिती