स्मोकर आतून साफ करायलाच हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बार्बेक्यू स्मोकरवरचा, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायच्या भट्टीवरचा, लेख वाचला. मावळातल्या, अलिबागकडच्या फार्महाऊसवर आता असे स्मोकर दिसू लागलेत हे वाचून बरं वाटलं. पण स्मोकर आतून कधीच साफ करू नये, खरी चव त्या काळ्या थरातच असते, असा सल्ला त्यात दिला आहे. पुष्टीला टेक्सासमधल्या, बार्बेक्यूसाठी नावाजलेल्या लॉकहार्ट गावच्या काळ्याकुट्ट भिंतींचा दाखला आहे. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर ह्यूस्टनला आले ती इथलीच झाले. आमच्या मागच्या अंगणात जाड लोखंडी पत्र्याचा ऑफसेट स्मोकर आहे, म्हणजे बाजूला आगीची पेटी आणि तिचा धूर मांसावरून जाऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो तो प्रकार. त्याची सगळी देखभाल माझ्याकडे आहे. हा सल्ला कुणी तसाच्या तसा पाळला तर मांस कडू होईल, पत्रा सडेल आणि एखाद दिवशी आगही लागेल, म्हणून लिहिते आहे.

लॉकहार्टच्या भिंती काळ्या आहेत हे खरं. स्मिटीज मार्केट या तिथल्या बार्बेक्यूच्या खाणावळीत शिरलं की विटांच्या भट्ट्यांच्या तोंडाशी जमिनीवरच आग जळत असते आणि भिंतींवर, छतावर इतक्या वर्षांची काजळी बसलेली दिसते. पण त्या गावाची पुढची गोष्ट लेखात यायला हवी होती. १९०० साली सुरू झालेलं क्राइट्स मार्केट याच इमारतीत होतं. १९९९ मध्ये कुटुंबात वाटण्या झाल्या, इमारत बहिणीकडे राहिली आणि भाऊ नाव घेऊन थोड्या अंतरावर नव्या जागेत गेला. जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून रस्त्यावरून ओढत नव्या भट्टीत नेले. नेले ते निखारे. काजळी जुन्या भिंतींवरच राहिली. नव्या कोऱ्या विटांच्या भट्ट्यांवर क्राइट्स आजही चालू आहे आणि लोक आजही तिथे रांग लावतात. चव थरात असती तर हे झालं नसतं. ती येते नीट वाळलेल्या पोस्ट ओकच्या, म्हणजे तिथल्या एका जातीच्या ओक झाडाच्या, लाकडातून. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन जळताना ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं धुरात उतरतात, आणि तो धूर ताजा असावा लागतो.

शिवाय तिथली भट्टी रोज पेटते. आपला स्मोकर महिना महिना थंड पडून असतो, हा फरक मोठा आहे.

आता तो काळा थर. स्मोकरच्या आत दोन वेगळ्या गोष्टी साठतात आणि दोन्ही काळ्याच दिसतात, सगळा घोळ तिथे होतो. पहिली, तेल आणि धूर पत्र्यावर तापून घट्ट झालेला पातळ, टणक थर. बिडाचा तवा मुरतो तसाच हा. तो पत्र्याला गंजापासून वाचवतो, त्याला अजिबात हात लावू नये. दुसरी गोष्ट म्हणजे चिकटा: ओघळलेली चरबी आणि क्रिओसोट, म्हणजे अर्धवट जळलेल्या धुराचं डांबर. लाकूड ओलं असलं किंवा हवेची झडप फार आवळली की आग गुदमरते, दाट पांढरा धूर येतो आणि त्यातून डांबरासारखं चकचकीत, चिकट पुट चढतं. ओळखायला सोपं आहे. कोमट पत्र्यावर पांढरा कागदी रुमाल दाबून फिरवा. मुरलेला थर जागेवर राहतो, रुमालाला जेमतेम राखाडी छटा लागते. क्रिओसोट असेल तर तपकिरी, मेणचट डाग उठतो आणि नाकाला उग्र, डांबरी वास येतो. तो वास मांसात उतरतो, जीभ बधिर करतो, आणि मग पाहुणे पाणी मागत राहतात.

झाकणाच्या आतल्या बाजूला याच चिकट्याचे पापुद्रे सुटतात. नव्याने घेतलेल्यांना वाटतं की रंग उडाला, पण चांगल्या स्मोकरला आतून रंग नसतोच. नखाएवढे, पातळ, कडेला वर वळलेले पापुद्रे असतात ते. झाकण आपटलं की सुटतात आणि खाली ब्रिस्केटवर, म्हणजे गोमांसाच्या छातीच्या तुकड्यावर, पडतात. ब्रिस्केटची साल आधीच मीठ-मिरीने काळी झालेली असते, त्यात हा पापुद्रा नजरेला सापडत नाही. दाताखाली आला की कळतं.

मी काय करते ते सांगते. खाणं उतरवल्यावर स्मोकर कोमट असतानाच रंगारी पुट्टी भरायला वापरतात ती पट्टी घेऊन झाकणाची आतली बाजू हलक्या हाताने खरवडते. जे सुटतं ते जाऊ द्यायचं, जे घट्ट आहे ते राहू द्यायचं. तळाशी साचलेली चरबी थिजायच्या आत पट्टीने ओढून काढते, ठिबक भांडं रिकामं करते. पुढच्या वेळी जाळी तापली की अर्धा कांदा काट्याला टोचून घासते. आमच्याकडे शाकाहारी मंडळी येतात, त्यांचं पनीर आणि मक्याची कणसं त्याच जाळीवर ठेवायची असतात, म्हणून जाळीच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. तारेचा ब्रश मात्र घरात नाही. त्याच्या तुटलेल्या तारा जाळीला चिकटून अन्नातून पोटात गेल्याच्या घटना आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. काहींची आतडी फाटून शस्त्रक्रिया करावी लागली होती.

साबण, ओव्हन क्लीनर, पाण्याचा फवारा यांतलं काहीही आत मारू नका. ओव्हन क्लीनरमधला कॉस्टिक सोडा मुरलेला थरही उपटून काढतो आणि उघडा पत्रा दोन दिवसांत तांबडा होतो. कामाडोसारख्या, जाड मातीच्या अंड्याच्या आकाराच्या स्मोकरला साबण तर मुळीच नको, त्याच्या अंगात तो जिरतो.

राख दुसऱ्या दिवशी काढायचीच. दमट हवेत राख पाणी ओढून घेते, ओली होऊन तळाला चिकटते, आणि आगीची पेटी खालून पोखरली जाते. मात्र ती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका. वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असू शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा त्यासाठीच ठेवलेला असावा.

तळाशी साचलेली चरबी पेटली तर झाकण आणि झडपा बंद करून आग गुदमरू द्या. पाणी ओतू नका, उकळती चरबी अंगावर उडते.

ह्यूस्टनची हवा कोकणासारखीच ओलसर, त्यामुळे बुरशीचा अनुभव इथे घरोघर आहे. चरबी आत ठेवून झाकण लावलं की काही आठवड्यांत जाळीवर पांढरी-हिरवी लव उगवते. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर हेच होणार. पावसाळ्याआधी सगळं खरवडून, आतून तेलाचा हात फिरवून, तासभर तापवून मग झाकावा आणि हवा खेळायला झडप थोडी उघडी ठेवावी. बुरशी आलीच तर रिकामाच कडक पेटवून, खरवडून, पुसून पुन्हा तेल लावावं. त्याआधी त्यात काही शिजवू नये.

लेखात स्थानिक फॅब्रिकेटरकडून जुन्या पिंपाचा स्मोकर करून घेण्याचाही उल्लेख आहे. पिंपात आधी काय होतं हे विचारल्याशिवाय घेऊ नका. रसायनाचं किंवा आतून रंग दिलेलं पिंप कितीही घासलं तरी अन्नासाठी नको. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, जाळी किंवा नळीही नको. आगीजवळ जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत जातो.

हे पत्र शक्यतो त्याच पुरवणीत छापावं, म्हणजे तो लेख वाचून ज्यांनी स्मोकर घेतला असेल त्यांच्या हाती पावसाच्या आत पडेल.

आपली,
एक नियमित वाचक
ह्यूस्टन, टेक्सास